आकडा आणला कुठून?



मागच्या महिन्यात आमच्या केंद्रावर एका आईचा फोन आला. पोरगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. तिचा प्रकल्प मॅडमनी परत केला होता. "चोरी केली म्हणतात हो. माझी पोरगी चोरी करणारी नाही," असं सांगताना आईचा आवाज भरून आला. आम्ही पोरीशी बोललो, तिच्याकडून पानांचे फोटो मागवले. त्यात एक वाक्य होतं: डॉ. बंग यांच्या मते भारतातल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आहेत. कोणते बंग, कोणतं साल, कुठल्या बाया, काहीच नाही. त्याच्या खालचे दोन परिच्छेद इंटरनेटवरून जसेच्या तसे उतरवलेले. पोरीचा हेतू वाईट नव्हता. संदर्भ कसा द्यायचा हे तिला कोणी बसून सांगितलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? आमची तर सही करण्यापुरतीच शाळा झाली. पण गटाच्या वहीत खर्च लिहिताना तुम्हीच विचारता ना, पावती कुठे आहे? तेंदूपत्त्याच्या फळीवर कोणाचे किती पुडे, हे नावासह लिहिलं जातं. एकीचे पुडे दुसरीच्या नावावर गेले तर केवढं भांडण होतं! संदर्भ म्हणजे तीच पावती. ही गोष्ट मी कुठून आणली, कोणाच्या कष्टाची आहे, आणि तुम्हाला तपासायची असेल तर कुठे सापडेल, एवढं त्यात सांगायचं असतं.

आता तो ९२ चा आकडा. तो आपल्याच गडचिरोलीतला आहे. 'सर्च' संस्थेच्या डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. त्यातल्या ९२ टक्के बायांना अंगावरचं जाणं, जंतुसंसर्ग, पाळीचा त्रास असा एक तरी आजार निघाला, आणि त्याआधी तपासणी-उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हा लेख १४ जानेवारी १९८९ च्या 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. सरकारी दवाखान्यात बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, अशी समजूत होती तेव्हाची ही गोष्ट.

म्हणजे 'भारतातल्या ९२ टक्के' हे चूक. 'गडचिरोलीच्या दोन गावांतल्या, तपासलेल्या ६५० पैकी ९२ टक्के' हे बरोबर. पोरीने मूळ लेखाचा गोषवारा उघडून पाहिला असता तर ही चूक झालीच नसती. तो 'पबमेड'वर फुकट वाचता येतो, मोबाइलवरही.

दुसरी चूक आम्हाला जास्त लागली. पोरीला विचारलं, हे बंग म्हणजे कोण? ती म्हणाली, अभय बंग सर. मैत्रिणींनो, त्या लेखावर सहा जणांची नावं आहेत आणि पहिलं नाव राणीताईंचं आहे. लेख असा लिहितात: आधी आडनाव, मग नावाची आद्याक्षरं. बंग आर ए म्हणजे राणीताई, बंग ए टी म्हणजे अभयभाऊ. नुसतं 'बंग' लिहिलं की वाचणारा बाईचं काम सरळ पुरुषाच्या नावावर टाकतो. एक अक्षर गाळल्याने हे होतं.

नवजात बाळांवरचा त्यांचा दुसरा प्रसिद्ध लेखही 'लॅन्सेट'मध्येच आहे, डिसेंबर १९९९ चा. त्यात पहिलं नाव अभयभाऊंचं. त्या लेखात एक खड्डा आहे, त्यात भलेभले पडतात. ३९ गावांत आरोग्यदूत बायांनी घरी जाऊन बाळांची काळजी घेतली. सुरुवातीला तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांमागे ६२ बाळं महिन्याच्या आत दगावत होती. तिसऱ्या वर्षी ते प्रमाण २५.५ वर आलं. ज्या गावांत हे काम नव्हतं त्यांच्याशी तुलना केल्यावर निव्वळ घट निघाली ६२.२ टक्के. एक ६२ हजारामागचा, दुसरा ६२ शंभरामागचा. 'बासष्ट टक्के बाळं दगावत होती' असं कोणी लिहिलं तर अनर्थच. आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात, त्या २०११ पासूनच्या सरकारी कार्यक्रमामागे हेही काम आहे. आकडा चुकवणारी पोरगी उद्या वॉर्डात औषधाचा डोस वाचणार आहे, म्हणून एवढा आग्रह.

लिहायची रीत फार अवघड नाही. वैद्यकीय लेखनात व्हँकुव्हर पद्धत खूप चालते. १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक जमले, तिथून हे नाव आलं. मजकुरात वाक्याजवळ १, २, ३ असे आकडे टाकायचे, ज्या क्रमाने संदर्भ येतात त्याच क्रमाने. तोच संदर्भ पुन्हा आला तर जुनाच आकडा. शेवटी त्या क्रमाने यादी: लेखकांची नावं, लेखाचं नाव, नियतकालिक, साल, खंड, पानं. सहापर्यंत सगळी नावं, त्याहून जास्त असतील तर सहा नावं आणि 'व इतर'. काही कॉलेजांत एपीए पद्धत मागतात, तिथे कंसात आडनाव आणि साल येतं. कोणती हवी, ते मॅडमना आधीच विचारावं. पबमेडवर 'साइट' नावाचं बटण आहे, ते दाबलं की तयार संदर्भ मिळतो. राणीताईंच्या लेखाचा खंड एका ठिकाणी १ आणि दुसऱ्या ठिकाणी ३३३ दिसला तर घाबरू नये. मोजणीच्या दोन रीती आहेत, लेख एकच.

पण चॅटवाल्या ॲपला 'मला दहा संदर्भ दे' म्हणू नका. ते कधी कधी नसलेले लेख खऱ्यासारखे लिहून देतं. संदर्भ उघडून पाहिला नाही तर तो लिहू नये. दुसऱ्याच्या लेखात वाचलं असेल तर तसंच सांगावं: अमक्याने तमक्याचा दाखला दिला आहे. आणि वाक्य उतरवायचंच असेल तर अवतरण चिन्हात. नाहीतर पुस्तक बंद करून, समजलं तेवढं आपल्या शब्दांत लिहावं. तेव्हाही आकडा टाकायचाच, कारण शब्द आपले असले तरी माहिती दुसऱ्याचीच असते.

एका दाईने विचारलं, "पोरगी माझ्याकडून ऐकून गेली, तर माझं नाव लिहील का?" प्रश्न खरा आहे. तोंडी मिळालेली माहिती शेवटच्या यादीत जात नाही. ती मजकुरातच कंसात लिहितात, सांगणारीचं नाव आणि तारीख घालून. मात्र आधी तिची परवानगी, लेखी असली तर उत्तम. पण तीच बाई जर अभ्यासात रुग्ण म्हणून असेल, तर तिचं नाव कुठेही येता कामा नये. १९८९ च्या लेखात त्या ६५० बायांपैकी एकीचंही नाव नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून निदान त्या कुठल्या होत्या आणि किती होत्या, एवढं तरी चुकवू नये.

त्या पोरीने वाक्य पुन्हा लिहिलं. त्यात गडचिरोली आलं, दोन गावं आली, ६५० आले, शेजारी छोटा १ आला. खालच्या यादीत पहिल्या ओळीत सहाही नावं, सुरुवातीला बंग आर ए. प्रकल्प अजून मॅडमकडेच आहे. आई रोज फोन करून विचारते.