सशाचे मुके दुखणे

सशाला दुखले तरी तो सहसा ओरडत नाही. असे का? रानात दुबळे सावज शिकारी प्राण्याच्या नजरेत आधी भरते. म्हणून दुखणे लपवण्याची वृत्ती सशात उपजतच असते. तेव्हा तुमच्या आजारी सशाचे खाणे व लेंड्या रोज पाहा. १० ते १२ तास त्याने काही खाल्ले नाही, लेंड्या थांबल्या, अंग आखडून तो करकरा दात खाऊ लागला, तर आतड्यांची हालचाल मंदावली असे समजा आणि लगेच पशुवैद्य गाठा. निरोगी सशाचे तापमान सुमारे ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते. ते ३८च्या खाली उतरणे धोक्याचे. आजार बरा होणारा नसेल, तर त्याला ऊब, शांतता, पशुवैद्याने दिलेले वेदनाशामक आणि सोबतीचा ससा द्या. तरीही वेदना शमत नसतील, तर पशुवैद्य इंजेक्शनने त्याला वेदनारहित मरण देऊ शकतात. तीही शुश्रूषाच होय.