'अर्धसत्य' आणि सामाजिक कराराची संकल्पना

गोविंद निहलानी दिग्दर्शित 'अर्धसत्य' (१९८३) हा हिंदी चित्रपट मराठी साहित्याच्या अभ्यासकाला परका नाही. श्री. दा. पानवलकर यांची 'सूर्य' ही कथा त्याचा आधार असून पटकथा विजय तेंडुलकरांची आहे. दिलीप चित्रे यांची 'अर्धसत्य' ही कविताही त्यात येते. सामाजिक कराराच्या सिद्धान्ताच्या आधारे या चित्रपटातील अराजकाचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

टॉमस हॉब्जच्या 'लेव्हायथन' (१६५१) या ग्रंथानुसार निसर्गावस्थेत प्रत्येकाला प्रत्येकाचे भय असते. या भयापोटीच माणसे आपले अधिकार सार्वभौम सत्तेच्या स्वाधीन करतात. म्हणजे अराजक हे राज्याच्या अभावातून उद्भवते. जॉन लॉकच्या मते निसर्गावस्थेत अपराध्याला शासन करण्याचा अधिकार प्रत्येकास असतो. परंतु स्वतःच्या प्रकरणात माणूस निःपक्षपाती राहत नाही, म्हणून हा अधिकार समाजाकडे सोपवावा लागतो.

'अर्धसत्य'मधील मुंबईत राज्य आहे, कायदा आहे, पोलीसठाणेही आहे. तरीही जळून मरणाऱ्या माणसाच्या जबानीवरून रामा शेट्टीला पकडावयास गेलेला उपनिरीक्षक अनंत वेलणकर वरिष्ठांच्या आदेशाने रिकाम्या हाती परततो. येथे अराजक राज्याच्या सीमेबाहेर नाही. ते करार राबविणाऱ्या यंत्रणेतच आहे. हॉब्जच्या मांडणीत ज्या दंडशक्तीने भय संपवावयाचे, तीच येथे भयाचे कारण ठरते.

मग वेलणकराची हिंसा ही त्याची प्रकृती म्हणावयाची काय? चित्रपट तसे सुचवीत नाही. पोलीस असलेला बाप आईला मारताना त्याने असहायपणे पाहिले आहे. पोलीसखात्यातील नोकरीही बापानेच लादलेली आहे. हिंसा ही निसर्गाची देणगी नसून समाजाची शिकवण आहे, या रूसोच्या भूमिकेशी हे चित्रण अधिक जुळते.

या दृष्टीने चित्रपटातील दोन हत्या एकमेकींशेजारी ठेवून पाहावयास हव्यात. पहिल्या हत्येत वेलणकराच्या मारहाणीने एक किरकोळ चोर कोठडीत मरतो. आपल्या देहाच्या रक्षणाचा हक्क माणूस कोणत्याही कराराने सोडून देत नाही, असे खुद्द हॉब्जही मानतो. त्यामुळे ही हत्या कराराचा मूलभूत भंग आहे. आणि ती पचविण्यासाठी वेलणकर त्याच शेट्टीच्या दारी जातो. दुसरी हत्या शेट्टीची. तिच्यात वेलणकर, लॉकच्या परिभाषेत, समाजाकडे सोपविलेला दंडाधिकार परत हाती घेतो. अर्थात विश्वासभंग झाल्यास सत्ता परत घेण्याचा लॉकने मानलेला हक्क जनतेचा आहे, एकट्या अधिकाऱ्याचा नव्हे. म्हणून या हत्येलाही न्याय म्हणता येत नाही.

भेद आहे तो हत्येनंतरच्या वर्तनात. पहिली हत्या तो लपवू पाहतो; दुसरीनंतर तो स्वतः पोलीसठाण्यात जाऊन शरण येतो. ज्या कायद्याने त्याला निराश केले, त्याच कायद्यापुढे उभे राहून तो कराराला पुन्हा संमती देतो, असा या शेवटाचा अर्थ लावता येतो. मात्र ही संमती एका व्यक्तीची आहे. कोठडीत मेलेल्या चोराला तिने न्याय मिळत नाही, आणि यंत्रणा आपल्या बाजूचा करार पाळील याची ग्वाहीही चित्रपट देत नाही.