बांधावरचं वर्ष – भाग १९ : अर्ध्यावर थांबलेला खोपा

मागच्या आठवड्यात आपण बांधावरच्या टाकळ्यापाशी होतो. आज नजर जरा वर न्यायची आहे, विहिरीवर झुकलेल्या बाभळीकडे.

नीरेच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यात एक जुनी दगडी विहीर आहे. तिच्या काठची बाभूळ पाण्यावर ओणवी झाली आहे. ज्येष्ठात तिथे चिटपाखरू नव्हतं. गेल्या वर्षीचे चार-दोन करडे खोपे तेवढे वाऱ्याने हलत होते. आता श्रावणात शेताच्या वाटेला लागलं की कलकलाट कानावर येतो. सुगरणींची वस्ती भरली आहे.

नाव सुगरण, पण विणकाम नराचं. उन्हाळ्यापर्यंत तो चिमणीसारखाच मातकट दिसतो, मादीत आणि त्याच्यात फरक करणं अवघड. विणीच्या दिवसांत मात्र डोक्यावर हळदीचा लेप दिल्यासारखा पिवळा रंग चढतो आणि गाल काळपट होतात. या दिवसांत त्याला ओळखायला दुर्बीण लागत नाही.

त्याचं काम पाहायचं तर आधी झाडाकडे नको, उसाकडे बघा. पात्याच्या बुडाशी तो चोचीने खाच पाडतो, कड पकडतो आणि तशीच उडी घेतो. टर्रकन लांब धागा निघून येतो. शेजारच्या सरीत जरा शोधलं तर अशी कड सोललेली पाती सापडतात. एका घरट्यासाठी त्याच्या पाचशेपर्यंत खेपा होतात. पहिला धागा बारीक डहाळीला गुंडाळून गाठी मारायच्या, मग कडं विणायचं, मग कड्याच्या दोन्ही बाजूंनी छत. आठेक दिवसांत उलट्या टोपीसारखा आकार तयार होतो, तळाशी एक आडवी पट्टी असलेला. आणि इथे तो थांबतो.

हा थांबा मला या सगळ्या कामातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो. हे अर्धे खोपे म्हणजे नराने स्वतःसाठी बांधलेले झोके, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगत. पट्टीवर बसलेला पक्षी पाहिला की ते पटतंही. खरा उलगडा व्हायला कोणीतरी तासन्‌तास बघत बसण्याची गरज होती. १९३० साली सलीम अली जर्मनीहून शिकून परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा उरली नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले आणि तिथे सुगरणींची वस्ती त्यांनी रोजच्या रोज पाहिली. त्यातून जो लेख झाला तो १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. अर्धा खोपा हे मादीला दाखवायचं घर असतं. ती येते, आत शिरते, चोचीने ओढून बघते. नर बाहेर लटकून पंख फडफडवत गळा काढतो. तिला पसंत पडलं तरच पट्टीच्या एका बाजूला अंड्यांची खोली बंद होते आणि दुसऱ्या बाजूने खाली येणारा बोळ लांबत जातो. तो पुरा झाला की नर बहुधा दुसऱ्या डहाळीवर नवी टोपी विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एकाच झाडावर इतके खोपे का दिसतात, याचं उत्तर तिथे आहे.

पसंती झाली की नाही हे आपल्यालाही जमिनीवरून वाचता येतं. टोपी वाळून तपकिरी आणि खालचा बोळ हिरवागार दिसला, तर मधे काही दिवस वाट पाहणं झालं आणि मग होकार आला असं समजा. टोपी तशीच सुकत राहिली, तर नकार.

अर्ध्या खोप्याच्या आत ओल्या मातीचे गोळे चिकटवलेले असतात. त्यात काजवे खोचून सुगरण दिवा लावते, ही गोष्ट माझ्या आजीने मला सांगितली होती आणि मी ती बरीच वर्षं खरी मानली. काजवा कधी दिसला नाही, माती मात्र दरवेळी दिसली.

आणखी एक गोष्ट बघा. बाभळीच्या पश्चिमेच्या फांद्या जवळपास रिकाम्या आहेत, गर्दी सगळी पूर्वेला. पाऊस आणि वारा नैऋत्येकडून येतात, त्यामुळे झाडाचीच पाठ आडोशाला मिळते. खाली पाणी आणि भोवती काटे असले की सापाला आणि सरड्याला वाट अवघड होते. मादी जागा पाहते, विणकामाची सफाई त्यानंतर, असं अभ्यासकांना आढळलं आहे. ओणव्या बाभळीवरची चांगली डहाळी ज्याने धरली, त्याचं निम्मं काम झालं.

म्हणून अशी बाभूळ तुटली की मला फार वाईट वाटतं. विहिरीत पाला पडतो, मोटारीच्या तारेला फांदी लागते, कारणं खरी असतात. तोडायचीच असेल तर कार्तिकापर्यंत थांबा, एवढं तरी आपण मालकाला सांगू शकतो. आत दोन ते चार पांढरी अंडी असतात. मादी ती १४ ते १७ दिवस उबवते आणि त्यानंतर पिल्लं उडेपर्यंत आणखी १७ दिवस जातात. चारा भरवण्याचं ओझंही बहुतेक तिच्यावरच. दाणे खाणारा हा पक्षी पिल्लांना मात्र किडे भरवतो. रिकाम्या खोप्यात पुढे मुनिया किंवा उंदीर राहायला येतात, तेव्हा हिवाळ्यातही ते काढून दिवाणखान्यात टांगू नका.

या आठवड्यात सकाळी ऊन झाडावर आलं की पूर्वेकडून, पंधरा-वीस पावलांवर बसा. टोप्या किती आणि बोळ किती, ते वहीत टिपून ठेवा. परवा मी मोजले तेव्हा विहिरीवर टोप्या ११ होत्या आणि बोळ ४. पाचवा बोळ वीतभर उतरला होता, आणि त्याच्या टोकाशी उसाचा एक हिरवा धागा अजून मोकळाच लोंबत होता.