तिसऱ्या वर्गाचं गिऱ्हाईक

टेंभी नाक्यावरून चालत स्टेशन गाठणाऱ्या ठाणेकराला हे माहीत असतं, की देशातली पहिली प्रवासी गाडी इथेच आली. १६ एप्रिल १८५३, चौदा डबे, तीन इंजिनं, चारशे निमंत्रित. सोहळा शाळेतच पाठ होतो. त्यामागचा धंदा मात्र फारसा कुणी सांगत नाही, आणि प्रस्थापित बाजार नवी कल्पना कशी उलथवते हे समजून घ्यायला तोच जास्त उपयोगी आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८४९ मध्ये उभी राहिली ती माणसांसाठी नव्हे. मँचेस्टरच्या गिरण्यांना दख्खनचा कापूस हवा होता आणि तो घाटातून बैलांच्या पाठीवर येत होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी १८४५ मध्येच लिहून ठेवलं होतं, की हिंदुस्थानात रेल्वेची कमाई मुख्यतः मालातून होईल, प्रवाशांतून नाही. लोक गरीब, प्रवास कोण करणार?

गाडी सुरू झाली आणि तिसऱ्या वर्गाचे डबे भरू लागले. हे लोक आधी पायी जात, नाहीतर बैलगाडीने. पालखीवाल्याच्या हिशेबात ते गिऱ्हाईक नव्हतेच. हार्वर्डचे क्लेटन ख्रिस्टेन्सन यांनी १९९७ च्या पुस्तकात नेमकं हेच मांडलं. मोठी कंपनी चांगल्या गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळते, कमी पैशाच्या गिऱ्हाइकाला सोडून देते, आणि नवा धंदा तिथूनच शिरतो. रेल्वे त्यांच्या चौकटीत पूर्ण बसत नाही. ती काही थोड्या भांडवलावरची धडपड नव्हती. भागधारकांना सरकारची पाच टक्क्यांची हमी होती, जमीन फुकट होती आणि कमी पडेल ते रयतेच्या करातून भरायचं होतं. जोखीम दुसऱ्याची असली की हात सैल सुटतो. त्या काळच्या रेल्वे कंपन्यांच्या उधळपट्टीवर इंग्लंडमध्येही टीका झाली.

१८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले. उल्हास नदीवरचं जुनं बंदर मागे पडलं आणि तेच गाव जंक्शन म्हणून वाढलं. पुढे डोंबिवलीसारखी नगरं तर लोकलच्या वेळापत्रकावरच पोसली गेली. मालाच्या हिशेबाने आलेला धंदा इथे माणसांनी आपलासा केला.

नवं आणणाऱ्या संस्थेची खरी परीक्षा मात्र ती स्वतः प्रस्थापित झाल्यावर होते. मे २०२२ मध्ये रेल्वेने एसी लोकलचं एकेरी तिकीट निम्म्यापर्यंत उतरवलं. निर्णय चांगला होता. घामाघूम गर्दीत गारवा ही चैन नव्हे. पण मासिक पास तसेच महाग राहिले, आणि रोजचा नोकरदार पासावर चालतो. ऑगस्टमध्ये काही साध्या फेऱ्यांच्या जागीच एसी गाड्या आल्या. ठरलेल्या वेळेची गाडी समोर उभी, पण दुसऱ्या वर्गाच्या पासाला आत जागा नाही. नव्या फेऱ्या वाढवून हाच बदल करता आला असता, तर माणसं आपणहून तिकडे वळली असती, असं मला ठामपणे वाटतं. जुनं काढून नवं बसवलं, तेव्हा ठाण्याच्या पुढच्याच कळव्यात प्रवासी रुळांवर उतरले, मग बदलापुरातही विरोध झाला. २५ ऑगस्टपासून मध्य रेल्वेने अशा दहा फेऱ्या पुन्हा साध्या गाड्यांनी चालवायला घेतल्या.