मायक्रोबर्स्ट: शोधापासून इशाऱ्यापर्यंत

हवेतील एखाद्या धोक्याचे कारण शास्त्रज्ञांना उमगले की त्याची पूर्वसूचना विमानतळांवर आपोआप मिळू लागते, हा समज अमेरिकेतील मायक्रोबर्स्टच्या इतिहासापुढे टिकत नाही. मायक्रोबर्स्ट म्हणजे गडगडाटी ढगातून वेगाने खाली येऊन जमिनीवर आदळणारा व चहूकडे फाकणारा हवेचा झोत. त्याचा व्याप चार किलोमीटरांच्या आत आणि जोर काही मिनिटांचाच असतो. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचे विमान कोसळले, त्या अपघाताच्या अभ्यासातून शिकागो विद्यापीठाचे टेत्सुया फुजिता यांना अशा झोताची कल्पना सुचली. परंतु अनेक हवामानशास्त्रज्ञांना ती पटली नाही आणि १९८२ मध्ये डेन्व्हर परिसरात डॉप्लर रडारांनी असे अनेक झोत टिपल्यावरच वाद मिटला.

झोत विमानाला केवळ खाली दाबतो, हेही अर्धसत्यच आहे. विमानाला प्रथम समोरचा वारा लागतो, पंखांवरील उचल वाढते आणि विमान उतरणीच्या रेषेच्या वर जाऊ लागल्याने वैमानिक इंजिनाचा जोर कमी करतो. तेवढ्यात झोताचा मध्य आणि पाठोपाठ मागून येणारा वारा त्याला गाठतो, हवेच्या सापेक्ष वेग झपाट्याने घटतो आणि सावरायला उंची उरलेली नसते. पाऊस नसला म्हणजे धोका नाही, असेही नाही, कारण डेन्व्हरसारख्या कोरड्या प्रदेशात थेंब वाटेतच वाफ होऊन जातात व त्यामुळे गार, जड झालेली हवाच खाली कोसळते.

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज मात्र चांगले रडार पुरेसे असते, हा होय. उतरणीच्या शेवटच्या मिनिटात रडारचे रंगीत चित्र वाचून अर्थ लावण्यास कोणालाच सवड नसते; म्हणून वैमानिक, नियंत्रक आणि संशोधक यांनी एकत्र बसून असा मजकूर ठरवला की नियंत्रकाने तो पडद्यावरून जसाच्या तसा वाचावा: अमुक धावपट्टी, मायक्रोबर्स्ट, ५० नॉटची घट, एक मैल अलीकडे. घट ३० नॉट किंवा अधिक असेल तरच 'मायक्रोबर्स्ट' हा शब्द वापरायचा, असा दंडकही घातला गेला. यंत्राइतकेच मोल या साध्या ओळीचे आहे. ११ जुलै १९८८ रोजी डेन्व्हरला डॉप्लर रडार व असा मजकूर यांची ही यंत्रणा चाचणीवर असताना उतरू पाहणारी अनेक विमाने प्रखर मायक्रोबर्स्टच्या तावडीत आली, त्यांतील एक जमिनीपासून शंभर फुटांच्याही खाली गेले, तरीही सर्व सुखरूप वर निघाली.

चाचणी यशस्वी झाल्यावर काम संपले, असे मानणे हीसुद्धा चूकच. विमानतळांसाठीची ही रडारे १९९४ पासून कामकाजात येऊ लागली. शार्लटलाही ते बसवायचे होते, पण जागा मिळण्यातील अडचणींमुळे ते उभे राहिले नव्हते, आणि त्याच वर्षी २ जुलैला तेथे मायक्रोबर्स्टमध्ये सापडलेल्या यूएसएअरच्या विमानातील ३७ जण मरण पावले.