‘मदत’ या शब्दाच्या आड : शासकीय परकीय साहाय्य आणि त्याच्या अटी



‘अमुक देशाने तमुक देशाला मदत केली’ हे वाक्य आपण वृत्तपत्रांत नेहमी वाचता. व्याकरणाच्या दृष्टीने ते पूर्ण आहे. कर्ता आहे, संप्रदान आहे, क्रियापद आहे. परंतु कोणत्या हेतूने आणि कोणत्या अटीवर, हे न सांगताही ते पूर्ण ठरते, ही त्यातील मेख होय. मदत घेणाऱ्यासाठी मराठीत ‘मिंधा’ असा नेमका शब्द आहे. देणाऱ्याचा हेतू मात्र करारातच शोधावा लागतो.

मुरुडच्या विद्यार्थ्यांना याचे जुने उदाहरण समोरच्या समुद्रात दिसते. १६७१ च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या वेढ्याने जेरीस आलेला फत्तेखान जंजिरा देण्यास तयार झाला, तेव्हा अन्य सिद्दी सरदारांनी त्याला कैद करून मोगलांचा आश्रय घेतला. औरंगजेबाने द्रव्य व जहाजे पुरवली. त्या बदल्यात सिद्दीचे आरमार हे पश्चिम किनाऱ्यावरील मोगलांचे आरमार झाले. येथे व्यवहार उघड होता. त्याला कोणी परोपकार म्हटले नाही.

आधुनिक शासनांची भाषा अधिक सौम्य असते. साठच्या दशकात रेशनवर मिळालेला अमेरिकी गहू आणि तांबडी ‘मिलो’ ज्वारी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. हे धान्य ‘पीएल-४८०’ या १९५४ च्या अमेरिकी कायद्याखाली येत असे. त्या कायद्याचे पूर्ण नाव मराठीत सांगायचे तर ‘कृषी व्यापार विकास व साहाय्य अधिनियम’ असे होईल. शब्दांचा क्रम पाहा : व्यापार आधी, साहाय्य नंतर. अमेरिकेच्या कोठारांत धान्य साचले होते आणि त्याला बाजारपेठ हवी होती. हे त्या कायद्याने लपवलेले नाही. लपते ते ‘मदत’ या आपल्या भाषांतरात.

धान्याची किंमत भारताने रुपयांत द्यायची होती. डॉलरची टंचाई असलेल्या देशाला हा मोठा दिलासा होता, हे मान्यच केले पाहिजे. पण ते रुपये अमेरिकेच्या खात्यावर भारतातच साचत गेले. बराचसा भाग विकासकामांसाठी भारत सरकारला कर्ज वा अनुदान म्हणून परत मिळे; काही भाग अमेरिकी दूतावासाच्या खर्चासाठी, तर काही येथील अमेरिकी कंपन्यांना कर्ज देण्यासाठी राखीव असे. शिवाय किमान निम्मे धान्य अमेरिकी ध्वजाच्या जहाजांतूनच यावे, असे तेथील कायद्याचे बंधन होते.

याहून कठोर अट कागदावर नव्हती. १९६५ नंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचे करार थांबवून धान्य थोडेथोडे, जवळजवळ महिन्याच्या हिशेबाने सोडण्यास आरंभ केला. भारताने व्हिएतनाम युद्धावर केलेली टीका त्यांना रुचत नव्हती. त्याच सुमारास, नोव्हेंबर १९६५ मध्ये, कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकी कृषिमंत्री फ्रीमन यांच्यात रोम येथे भारताच्या शेतीधोरणाविषयी समझोता झाला. खते, सुधारित बियाणे, शेतीत अधिक गुंतवणूक या त्यातील गोष्टी सुब्रमण्यम यांना स्वतःलाही हव्या होत्या. म्हणजे अट हिताची असू शकते; तरीही ती अटच असते. उरलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटी १९७४ मध्ये अमेरिकेने सोडून दिले.

मराठीच्या अभ्यासकाने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. याच रुपयांतून १९६२ पासून अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने भारतीय भाषांतील पुस्तके खरेदी करून तेथील विद्यापीठांना पुरवली. त्यांत मराठी पुस्तकेही होती. गव्हाच्या मोबदल्यात आपले साहित्य परदेशी ग्रंथालयांत पोहोचले, याला लाभ म्हणावे की किंमत, हे मी आपणांवर सोपवतो.

स्वयंअध्ययन : मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मूळ अंदाजित खर्चाच्या सुमारे ८१ टक्के रक्कम जपानने ०.१ टक्का व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीने देऊ केली. तंत्रज्ञान जपानच्या शिंकान्सेनचे ठरले. ‘जपानने भारताला मदत केली’ हे वाक्य घेऊन त्यात न आलेली माहिती भरा आणि तेच वाक्य पुन्हा लिहा.