38,800 वर्षांचं अर्धायुष्य

झाशीहून कानपूरच्या वाटेवर सुमारे 30 किलोमीटरवर चिरगाव लागतं. हिंदी कवी मैथिलीशरण गुप्त 1886 मध्ये इथे जन्मले. शाळकरी पोर या चिरगावातलं असो की आपल्या चिपळूणचं, इंग्रजीच्या वहीत तीन रकाने आखून दोघंही एकच घोकतात: गो, वेन्ट, गॉन.

खरं तर इंग्रजी भूतकाळाचा नियम एका ओळीत मावतो: क्रियापदाला ‘एड’ लावा. अनियमित क्रियापदं शेकडा तीनसुद्धा नाहीत. पण सर्वाधिक वापरातली दहा क्रियापदं काढून पाहा. बी, हॅव, डू, गो, से, कॅन, विल, सी, टेक, गेट. दहाच्या दहा अनियमित!

हे का, याचा हिशेब 2007 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला. संशोधकांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं निवडली. सुमारे 1,200 वर्षांपूर्वी ती सगळी अनियमित होती. इंग्रजी कवी चॉसरच्या काळापर्यंत 145 उरली, आज 98. म्हणजे सरासरी दर पंधरा वर्षांनी एक क्रियापद नियमाच्या रांगेत जाऊन उभं राहिलं. ‘हेल्प’चा भूतकाळ एकेकाळी ‘होल्प’ होता. आज तो ‘हेल्प्ड’ आहे.

ही झीज गणिताने चालते. शंभरपट कमी वापरलं जाणारं क्रियापद दहापट वेगाने नियमित होतं. किरणोत्सारी मूलद्रव्यांसारखं अनियमित क्रियापदांना अर्धायुष्य असतं: गटातली निम्मी नियमित व्हायला लागणारा काळ. क्वचित वापरातल्या गटाचं अर्धायुष्य 300 वर्षं, म्हणजे जेमतेम बारा पिढ्या. गो, कम, सी, टेक यांच्या गटाचं 14,400 वर्षं. आणि बी, हॅव यांचं 38,800 वर्षं! ज्ञानेश्वरी 1290 सालची. तिथपासून आजवरचं अंतर पन्नास वेळा एकापुढे एक मांडलं, तरी वर दोन हजार वर्षं उरतात.

पुढे 2011 मध्ये पन्नास लाखांहून अधिक पुस्तकांतले शब्द संगणकाने मोजले. त्यातले इंग्रजी शब्दच 361 अब्ज. मिनिटाला 200 या वेगाने, न जेवता, न झोपता वाचले तर सुमारे 3,400 वर्षं लागतील. त्या ढिगातून दिसलं, की इंग्लंडमध्ये दरवर्षी केंब्रिज शहराच्या वस्तीएवढी माणसं ‘बर्न्ट’ सोडून ‘बर्न्ड’कडे वळतात.

लहान मुलं ‘वेन्ट’ऐवजी ‘गोड’ म्हणतात, तेव्हा त्यांना नियम उमगलेला असतो. अशा 83 मुलांची 11,521 वाक्यं तपासली गेली, तेव्हा चुकांचं मध्यक प्रमाण अवघं अडीच टक्के निघालं. आपलं पोर ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतं, तेही याच वाटेवरचं पाऊल. ते रोज इतक्या वेळा ‘केलं’ ऐकतं, की चूक टिकतच नाही.

वाकडी वाट आपल्याकडेही रोजच्या वापरातल्या क्रियापदांतच आहे. ‘वेन्ट’ मुळात ‘वेन्ड’ या वेगळ्याच क्रियापदाचा भूतकाळ. ‘गो’ने तो आपलासा केला. आपलं ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूचं, पण ‘गेला’ आला ‘गत’वरून, ‘गम्’ धातूतून. चिरगावच्या हिंदीतही ‘जाना’ आणि ‘गया’. तिन्ही भाषा ‘जाण्या’पाशीच अडखळल्या, कारण माणूस सतत कुठेतरी गेलेला असतो.

आणि नवं क्रियापद आलं की आपण काय करतो? डाउनलोड केलं, सेव्ह केलं, फोन केला. चिरगावात डाउनलोड किया. जगभरातून आलेल्या नव्या शब्दांचा भूतकाळ हे जुनं, अनियमित ‘केलं’ खांद्यावर वाहतंय. जितकं वाहतं तितकं मुरतं.

म्हणून ते तीन रकाने मन लावून घोकावेत. इंग्रजी बोलणाऱ्या लोकांनी हजार वर्षांत जे एक दिवसही तोंडातून खाली ठेवलं नाही, त्याचीच ती यादी आहे.